रेनडिअरची जीभ

आमच्या ऑफिसात लोक टेबलावर बायकामुलांचे फोटो ठेवतात. कुणी छोटा गणपती ठेवतं. एकाने तर मॅरेथॉन पळतानाचा स्वतःचाच फोटो फ्रेम करून ठेवला होता. दिलीप काळमेघांच्या टेबलावर गेरूचा खडा होता. लिंबाएवढा, तांबडा, हात लावला की बोटं रंगलीच. कॉलेजात असताना रामटेककडच्या एका टेकडीवर उचललेला आणि नागपूरहून शिकागोजवळच्या शॉमबर्गपर्यंत मोज्यात गुंडाळून आणलेला.

मी तिथे नवी होते तेव्हा कागद उडू नयेत म्हणून तो खडा माझ्या प्रिंटआउटवर ठेवला आणि सगळे कागद लाल करून बसले. "सॉरी काका," म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कुठली गं तू? पुण्याची?"

"चिंचवडची."

"एकच ते. हे बघ पुणेवाली, ऑफिसात काका म्हणशील तर तुझे बंद झालेले सगळे डिफेक्ट मी परत उघडीन."

मी कोड लिहायचे आणि ते त्यातल्या चुका शोधायचे, त्यामुळे धमकी पोकळ नव्हती. मी मुकाट्याने सर म्हणायला लागले. मग त्यांनी माझा लाल झालेला कागद उचलला, उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "हे मात्र छान केलंस. माणसाने पहिलं काम हेच केलं होतं."

मला काहीच कळलं नाही. पुढे सात वर्षं मला त्याच एका गोष्टीबद्दल ऐकावं लागणार होतं.

माणूस मूळचा भूगर्भशास्त्राचा. एम.एस्सी.ला असताना त्यांच्या सरांनी एका दुपारी वर्गाच्या खिडक्या बंद करून फ्रान्समधल्या एका नदीच्या खोऱ्याच्या स्लाइड्स दाखवल्या. नदीचं नाव वेझेर. नैर्ऋत्य फ्रान्समधली, फार मोठी नाही. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, कड्यांच्या पोटात गुहा, आणि गुहांच्या भिंतींवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी गेरूने आणि कोळशाने काढलेले गवे, घोडे, हरणं. खिडक्या उघडल्या तेव्हा बाकीची मुलं चहाला गेली. काळमेघ आत बसून राहिले. तिथे जायचं, तिथलाच दगड शिकायचा, असं त्यांनी ठरवलं. आणि मग जे आपल्याकडे होतं ते झालं. वडील रिटायर झाले, बहिणीचं लग्न निघालं, कॉम्प्युटरचा कोर्स केला, नोकरी लागली, आणि एके दिवशी विमान त्यांना घेऊन फ्रान्सच्या वरून शिकागोला आलं. "वरून गेलो ना मी," ते सांगायचे. "खिडकीची सीट होती. खाली ढग होते बाप्पा."

त्या नदीला ते कधी वेझेर म्हणत नसत. आपली नदी म्हणत. "आपल्या नदीला यंदा पाणी बरं आहे." हे त्यांना तिथल्या कुठल्याशा गावाच्या वेबसाइटवरून रोज सकाळी कळायचं. मंदाताई, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा म्हणाली, "माझ्या माहेरी पूर आला तेव्हा यांना दोन दिवसांनी कळलं."

शॉमबर्गच्या पश्चिमेला फॉक्स नावाची नदी आहे. शांत, गढूळ, बदकांनी भरलेली. रविवारी ते घरच्यांना आणि मला तिच्या काठाने चालायला न्यायचे आणि प्रत्येक वळणाला तिकडची नावं द्यायचे. सायकलींच्या दुकानापाशी लास्को. लोखंडी पुलाखाली लेझेझी. पार्किंगच्या मागे जो बुटका चढ आहे ती फाँ-द-गोमची गुहा. मुक्ता, त्यांची मुलगी, तेव्हा शाळेत होती. ती कानात इअरफोन घालून दहा पावलं मागे चालायची. "बाबा, दॅट्स अ डेंटिस्ट्स ऑफिस," ती म्हणायची. "असू दे ना," ते म्हणायचे. "दातवाल्याच्या मागे गुहा असू नये असं कुठं लिहिलं आहे?"

त्यांना सगळ्यात जास्त ओढ या फाँ-द-गोमची होती. लास्को प्रसिद्ध, पण ती गुहा कधीच बंद केली, आता तिची नक्कल दाखवतात. फाँ-द-गोममध्ये अजून अस्सल चित्रांसमोर उभं राहता येतं, दिवसाला मोजक्या माणसांना. तिथे दोन रेनडिअर आहेत. मादी गुडघे टेकून बसलेली, आणि नर मान खाली करून तिचं कपाळ चाटतोय. रंग पुसट झालेत. आणि नराची जीभ रंगवलेली नाहीच, दगडात कोरलेली आहे. दिवा बाजूने धरला तरच दिसते. गाईड दिवा हळूहळू सरकवतो, भिंत कोरीच दिसते, कोरीच दिसते, आणि एका क्षणी जीभ दिसते.

हे सांगताना ते हाताने दिवा सरकवून दाखवत. मीटिंगमध्येसुद्धा. आमच्या मॅनेजरने एकदा शुक्रवारची डेडलाइन दिली तेव्हा ते इंग्रजीत शांतपणे म्हणाले, की गुहेतल्या त्या चित्रकाराला कुणी शुक्रवार सांगितला असता तर जीभ राहून गेली असती. मॅनेजर हसला, कारण काय करावं ते त्याला सुचलं नाही. डेडलाइन शुक्रवारचीच राहिली.

मग जात का नव्हते? हा प्रश्न मीही विचारला होता, आणि उत्तर मला माझ्याच पासपोर्टात सापडलं असतं. आमच्यासारख्यांचं इथं राहणं नोकरीच्या व्हिसावर असतं. पासपोर्टातला शिक्का संपला तरी राहता येतं, काम करता येतं, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही. तो शिक्का भारतात जाऊन घ्यायचा. त्याला अपॉइंटमेंट लागते. ती मिळाली तरी कागद अडकू शकतात, महिनोन्‌महिने. तोवर इथली नोकरी कोण धरून ठेवणार? काळमेघांचा शिक्का केव्हाच संपला होता. दर वर्षी ते म्हणायचे, ग्रीन कार्ड आलं की जाऊ. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्यांनी नाव घातलं तेव्हा मुक्ता रांगत होती.

एका डिसेंबरात त्यांनी शेजाऱ्याची पत्रपेटी गाडीने उडवली. इथे हिवाळ्यात साडेचारलाच अंधारून येतं. पुढच्या आठवड्यात कचऱ्याचा डबा. मंदाताई चिडली, "लक्ष कुठं असतं? फ्रान्समध्ये?" मग डॉक्टरांकडे गेले.

मला त्यांनी ते गाडीत सांगितलं. त्या दिवसापासून मीच त्यांना ऑफिसला नेत-आणत होते. डोळ्याच्या पडद्याचा आजार, हळूहळू वाढणारा, उपाय नसलेला. आधी अंधुक उजेडात दिसणं जातं. मग बाजूचं जातं. शेवटी मध्ये नळीएवढं उरतं, आणि मग तेही जातं.

"म्हणजे बघ," ते म्हणाले, "भर उन्हातला पार्किंग लॉट मला सगळ्यात शेवटपर्यंत दिसन. आणि गुहा सगळ्यात आधी जाणार."

मी सिग्नलला थांबले होते. हिरवा झालेला मला कळला नाही. मागच्याने हॉर्न दिला.

"ऑफिसात बोलायचं नाही," ते म्हणाले. "नोकरी गेली तर व्हिसा गेला. समजलं का?"

मला समजलं होतं. त्यानंतर दोन वर्षं मी त्या माणसाबरोबर एक नाटक केलं. स्क्रीनवरचे राखाडी आकडे मी त्यांना चॅटवर लिहून पाठवायचे. प्रिंटरपर्यंत पंचवीस पावलं, मग उजवीकडे, हे त्यांनी पाठ केलं होतं. कुणी खुर्ची हलवली तर मी मीटिंगच्या आधी जाऊन जागेवर ठेवायचे. या सगळ्यात ते विनोद करायचे आणि मला त्याचा राग यायचा. एकदा मी म्हणाले, "सर, जरा घाबरा तरी."

"घाबरूनच राहिलो ना," ते म्हणाले. "सकाळी डोळे उघडले की आधी पडद्याची दोरी शोधतो. दिसली की मग बाकीचं."

एका सकाळी जाताना त्यांनी गाडीतूनच फ्रान्सला फोन लावला. तिकडे दुपार होती. फोनच्या ॲपवर ते दोन वर्षं फ्रेंच शिकत होते, आणि त्यांचं फ्रेंच ऐकताना नागपूरच्या सीताबर्डी बाजारातच कुणी भाव करतंय असं वाटायचं. गुहेच्या तिकीटघरातली बाई धीराने ऐकत होती. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की डोळे अधू असलेल्या माणसाला स्वतःचा एक जास्तीचा टॉर्च आत नेता येईल का. बाईने सांगितलं, नाही. उजेडाने रंग जातात. दिवा फक्त गाईडच्या हातात. "देझोले, मस्य," माफ करा साहेब, असं ती दोनदा म्हणाली, आणि मला तिचा आवाज खरंच वाईट वाटल्यासारखा वाटला.

"बरोबर आहे तिचं," फोन ठेवून ते म्हणाले. "मीही नसता नेऊ दिला." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर फक्त गोदामं होती.

त्या शनिवारी त्यांनी भाड्याच्या घराच्या तळघरात, वॉशिंग मशीनच्या समोरच्या भिंतीवर, ते दोन रेनडिअर काढले. गेरूच्या खड्याने आणि बार्बेक्यूच्या कोळशाने, मोठ्ठे, पुस्तकातला फोटो मापून. नराची जीभ खिळ्याने कोरली. आणि सराव सुरू केला. रोज ऑफिसातून आलं की खाली जायचं, दिवा मालवायचा, गुहेत असेल तेवढाच उजेड ठेवायचा, बाजूने टॉर्च सरकवायचा आणि जीभ शोधायची. किती अंधारात अजून दिसते याचा हिशोब ते ठेवत होते. कधी मला उभं करायचे. "दिसली?" ते विचारायचे. मी हो म्हणायचे. खरं सांगायचं तर मला ती कधीच दिसली नव्हती. मला दिवसभराच्या कामानंतर घरी जायचं असायचं, आणि त्या भिंतीपुढे त्यांच्या चेहऱ्याकडे बघवायचं नाही.

मग मुक्ताच एकदा जेवताना उखडली. "बाबा, जस्ट गो. व्हॉट आर यू वेटिंग फॉर?" त्या मुलीला रांगेतलं काही कळत नव्हतं, ती इथेच जन्मलेली, आणि म्हणूनच ती बरोबर बोलत होती. काळमेघांनी वरण-भात कालवता कालवता मान डोलावली. पुढच्या महिन्याभरात सगळं जुळवलं. सहा दिवस आपल्या नदीवर, तिथून मुंबई, मुंबईत शिक्क्याची अपॉइंटमेंट, मग परत. गुहेचं तिकीट हातात आलं. फ्रान्सचा व्हिसा झाला. त्यांनी तो पासपोर्ट गाडीत माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "वास घे." मी खरंच घेतला.

यापुढचं मी जरा भरभर सांगते, कारण यात मी आहे.

दर महिन्याला सरकार एक तक्ता काढतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर लागला, ते त्यात असतं. आमच्या लोकांना नवऱ्याचा वाढदिवस आठवत नाही पण रांगेतली तारीख झोपेत विचारली तरी सांगतात. निघायला दोन आठवडे असताना तक्ता आला आणि तारीख एकदम पुढे धावली. काळमेघांचा नंबर एकदोन महिन्यांवर. मीच तो पहिला पाहिला. मीच त्यांना स्क्रीनशॉट पाठवला. आणि मीच फोन करून म्हणाले, "सर, ट्रिप कॅन्सल करा. आत्ता बाहेर अडकलात तर हातातलं जाईल. दोन महिन्यांनी कार्ड खिशात घालून जा की."

त्यांच्या वकिलानेही तेच सांगितलं. मंदाताईनेही. आम्ही सगळे शहाणे होतो.

"दोन महिने टिकतील ना डोळे?" त्यांनी मला विचारलं. एखादं काम शुक्रवारपर्यंत होईल ना, अशा आवाजात.

"टिकतील सर," मी म्हणाले. मला काय कळत होतं?

त्यांनी ट्रिप कॅन्सल केली. मी पेढे नेले. तळघरात रेनडिअरसमोर उभं राहून आम्ही ते खाल्ले, आणि त्यांनी एक पेढा मादीच्या कपाळापाशी धरला. पुढच्या तक्त्यात तारीख हलली नाही. त्याच्या पुढच्यात ती मागे गेली. नुसती मागे नाही, कित्येक वर्षं मागे. असं होतं. का होतं ते कुणी सांगत नाही.

त्या सकाळी ते गाडीत बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, "नदी उलटी वाहिली गं, पुणेवाली." मला एकदाही त्यांनी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. एरवी ते पुणेवाली म्हणाले की मी चिंचवडची म्हणायचे, त्या दिवशी म्हणाले नाही.

उन्हाळ्यात कंपनीने आमचं निम्मं काम दुसरीकडे हलवलं आणि त्यात ते गेले. मी राहिले. नोकरी गेली की साठ दिवस मिळतात, दुसरी शोधा नाहीतर निघा. पन्नाशी उलटलेल्या, स्क्रीनवरचं अर्धंच दिसणाऱ्या माणसाला साठ दिवसांत कोण नोकरी देणार? त्यांनी अर्ज केले. मुलाखती स्क्रीनवर व्हायच्या, त्यात लिहून आलेले प्रश्न मी पलीकडे बसून कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून धरायचे. नंतर नंतर ते त्या कागदाकडे बघतच नसत.

फ्रान्सचा व्हिसा वापरायच्या आधीच संपला होता. नव्यासाठी अपॉइंटमेंट त्या साठ दिवसांत मिळाली नाही. तिकिटं थेट भारताची काढली. मुक्ता तोवर कॉलेजला गेली होती, ती इथेच राहणार होती. मी समजूत घालायला म्हणाले, "भारतातून जाता येईल की सर. उलट सोपं."

"जाता येईल," ते म्हणाले. "जायला आता कोण अडवून राहिलं? पण पाहायला?"

त्यांच्या निघण्याच्या दिवशी दुपारी मी तळघरात होते. घरमालकाने यादी दिली होती, त्यात भिंत पूर्ववत करणं होतं. मंदाताईच्याने ते होईना, म्हणून मी रोलर घेतला. त्या आधी तिने मला विचारलं होतं, "यांना सांगू का?" मी म्हणाले, नको. पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. गेरू फार चिवट असतो, पहिल्या हातात गुलाबी उमटला होता. दुसऱ्यात भिंत कोरी झाली.

मी रोलर खाली ठेवला आणि ते जिन्यावरून उतरले. एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात टॉर्च. अंगात प्रवासाचं जाकीट, बाहेर कडक ऊन असताना. मला त्यांचं येणं अपेक्षित नव्हतं. वर बॅगांची ओढाओढ चालली होती.

"पुणेवाली, आहेस का?"

"आहे सर."

"दिवा घालव."

मी घालवला. ते अंदाजाने भिंतीसमोर उभे राहिले, टॉर्च लावला आणि बाजूने हळूहळू सरकवायला लागले. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर. त्यांची मान थोडी पुढे झाली होती.

"अजून दिसते गं," ते म्हणाले. "पाठ दिसते. शिंगं दिसतात. ही बघ, खाली बसलेली." टॉर्च थांबला. "दिसतंय ना?"

"हो सर," मी म्हणाले. "दिसतंय."

त्यांनी हात पुढे केला, रेनडिअरच्या पाठीवर ठेवायला. रंग ओला होता. हात तिथेच थांबला. मग त्यांनी बोटं एकमेकांवर घासली, नाकाशी नेली. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील, मला हवं ते बोलतील.

"म्हणजे तुलाही दिसत नाही तर," ते म्हणाले.

मग त्यांनी बोट भिंतीला लावून सावकाश डावीकडे नेलं, थोडं खाली, परत वर, आणि एका जागी ते अडकलं. त्यांनी बोट तिथेच ठेवलं. वरून मंदाताईने हाक मारली, "अहो, गाडी आली."

"आलो," ते म्हणाले. टॉर्च त्यांनी माझ्या हातात दिला. रंगाची बोटं जाकिटाला लागू नयेत म्हणून हात अंगापासून लांब धरून ते जिना चढले, एकेक पायरी मोजत. विमानतळावर त्यांना मुक्ताने सोडलं. मी गेले नाही, किल्ली द्यायला कुणीतरी थांबायला हवं होतं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या जिन्यावर.

ते गेल्यावर मी टॉर्च भिंतीला टेकवून बाजूने धरला आणि सरकवला. भिंत कोरीच दिसली, कोरीच दिसली, आणि मग त्यांच्या बोटाच्या रेघेच्या टोकाशी जीभ दिसली. नखाएवढी, वाकडी. सात वर्षांत पहिल्यांदा.

यादीत शेवटचं कलम होतं, भिंतीवरचे ओरखडे आणि भोकं भरून देणे. पाच वाजता घरमालक येणार होता. मी टॉर्च वॉशिंग मशीनवर ठेवला, पुट्टीचा डबा उघडला आणि ती जीभ भरून टाकली.